घोडे, खेचरे आणि एक वही

दिवाळी अंकांची मुखपृष्ठे जरा आठवून पाहा. पणती हाती घेतलेली सुंदरी असते, आकाशकंदील असतो, फार तर किल्ला करणारी मुले असतात. घोडा सहसा नसतो आणि खेचर तर नसतेच नसते. तेव्हा गेली चौदा-पंधरा वर्षे फावल्या वेळात घोडे, तट्टे, खेचरे आणि गाढवे यांचीच चित्रे काढीत बसलेल्या माणसाकडे लोक थोड्या काळजीने पाहतात, यात त्यांचे काही चुकत नाही. महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या माणसाने कविता कराव्यात, तो रिवाजच आहे. प्रवासवर्णन लिहिले तरी चालते. पण रविवारी सकाळी वही-पेन्सिल घेऊन वीटभट्टीवर जाणे आणि गाढवापुढे दोन तास बैठक मारणे, हे अजून तरी आमच्या गावात रुळलेले नाही. "सर, माणसं सोडून जनावराच्या मागं कामून लागलाव?" असे एका पालकाने मला भर रस्त्यात विचारले होते. त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच हा लेख आहे, असे म्हणायला हरकत नाही.

मी राहतो ते गाव अंबाजोगाई. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगररांगेवर वसलेले. मराठीच्या माणसाला हे गाव तीर्थासारखे आहे. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी इथे आहे, आणि सोळाव्या-सतराव्या शतकांतले दासोपंत इथलेच. कागद पुरेना म्हणून की काय, दासोपंतांनी चक्क कापडाच्या लांबलचक पासोडीवर ग्रंथ लिहिला. ज्या गावात असा माणूस होऊन गेला, तिथे चार आण्याच्या कागदावर घोडा काढणे ही काही मोठी जोखीम नव्हे! निजामाच्या अमलात या गावाचे नाव मोमिनाबाद होते आणि इथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. म्हणजे एके काळी या माळावर शेकडो घोड्यांना सकाळ-संध्याकाळ खरारा होत असे. गावाबाहेरच्या लेण्यात दगडी हत्ती आहेत, म्हणून लोक त्याला हत्तीखाना म्हणतात. हत्तींना दगडात जागा मिळाली, घोड्यांची मात्र आठवणदेखील राहिली नाही.

खरे तर आमच्या मुलखाचा सारा इतिहास घोड्याच्या पाठीवरून गेलेला आहे. १७६३ साली माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला ते राक्षसभुवन याच जिल्ह्यात, गोदावरीच्या काठी. १७९५ साली मराठे आणि निजाम पुन्हा भिडले ते खर्डे जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, जामखेडजवळ. देवांचेही तसेच. बीड शहराच्या पूर्वेला टेकडीवर खंडोबाचे देऊळ आहे. त्यापुढच्या दोन उंच दीपमाळांवर माणसांच्या व प्राण्यांच्या आकृती कोरलेल्या आहेत. ऊनपावसाने त्या झिजत चालल्या आहेत. ज्यांच्या घरी खंडोबा कुलदैवत आहे, त्यांनी आपल्या देवघरातला टाक नीट निरखून पाहावा. बोटभर पत्र्यावर देव, त्याच्या मागे म्हाळसा आणि खाली घोडा. सोनाराने दोन-चार ठोक्यांत घोड्याची मान अशी वळवलेली असते की भल्या भल्या चित्रकाराने तोंडात बोट घालावे. घोड्याचे चित्र मी सर्वप्रथम पाहिले ते कोणत्याही कलादालनात नव्हे, असे टाकावर. मला वाटते, महाराष्ट्रातल्या लाखो माणसांची गोष्ट हीच असेल.

आता थोडे खेचराविषयी, कारण त्याची बाजू घेणारे जगात कोणी नाही. बाप गाढव आणि आई घोडी असली म्हणजे जे शिंगरू होते ते खेचर. घोड्याच्या पेशीत ६४ गुणसूत्रे असतात, गाढवाच्या ६२. खेचराच्या वाट्याला ६३ येतात, आणि हा विषम हिशोब जुळत नसल्यामुळे त्याला सहसा पुढची पिढी होत नाही. प्रत्येक खेचर आपल्या वंशाचे पहिले आणि शेवटचे! संस्कृतात त्याला अश्वतर म्हणतात. श्वेताश्वतर या उपनिषदाच्या नावात तेच दडलेले आहे, हे सांगितले की वर्गात मागच्या बाकांवरची मुलेही मान वर करतात. आणि संत नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांचे नाव फळ्यावर लिहिले की हमखास हशा पिकतो. मग समजावून सांगावे लागते की बाळांनो, हे खेचर निराळे. 'खे' म्हणजे आकाशात आणि 'चर' म्हणजे संचार करणारा. अर्थात वीटभट्टीवर उन्हात डोळे अर्धे मिटून उभे असलेले खरे खेचर पाहिले, की तेही मनाने कुठेतरी आकाशात फिरत असावे अशी शंका मला येते.

हल्ली ही जनावरे बीड जिल्ह्यात भेटतात तरी कुठे, असे शहरातले वाचक विचारतील. उत्तर सोपे आहे. दिवाळी झाली, पाऊस नक्की संपला, की वीटभट्ट्या सुरू होतात. आमच्याकडची निम्मी गावे त्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघालेली असतात. बैलगाड्या, ट्रॅक्टर, वर भांडीकुंडी आणि पोरेबाळे. जे मागे राहतात त्यांतले काही भट्ट्यांवर जातात. तिथे गाढवे आणि खेचरे कच्च्या विटा, माती आणि राख वाहताना दिसतात. दुसरे ठिकाण म्हणजे धनगरांचा वाडा. मेंढ्यांच्या कळपामागून येणाऱ्या तट्टावर सारा संसार लादलेला असतो. खाट, घोंगड्या, भांडी, दोन कोंबड्या, आदल्या रात्री जन्मलेले कोकरू, आणि या सर्वांच्या शिखरावर एक पोर झोपलेले. बुटकी, रुंद छातीची, काटक अशी ही तट्टे म्हणजे जुन्या भीमथडी घोड्यांचे वारस. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीला अलीकडेच स्वतंत्र देशी जात म्हणून मान्यता दिली. आपले राज्यगीत, जे २०२३ साली स्वीकारले गेले, त्यातही या तट्टांचा मान आहे. मात्र गीत गाणाऱ्या शंभरांतल्या किती जणांनी ते तट्टू डोळ्यांनी पाहिले असेल, याचा विचार न केलेलाच बरा.

तिसरे ठिकाण लग्नाची वरात. तिथे घोडी नटलेली असते खरी, पण ध्वनिवर्धकाच्या भिंतीपुढे तिचे कान असे मागे चिकटलेले असतात की मला नवरदेवापेक्षा तिचीच दया येते. आणि चौथे ठिकाण पालखी. आषाढीच्या आधी शेगावच्या गजाननमहाराजांची पालखी परळी-अंबाजोगाईवरून पुढे जाते, आणि पैठणची नाथांची पालखीही आमच्याच जिल्ह्यातून पंढरीला निघते. पालखीपुढचा अश्व हा त्या गर्दीतला एकमेव शांत जीव असतो. माणसे त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात आणि तो निर्विकार उभा. गाढवाच्या वाट्याला असा मान कमी. नाही म्हणायला केज तालुक्यातल्या विडा गावात धुळवडीच्या दिवशी जावयाला गाढवावर बसवून मिरवायची कित्येक दशकांची प्रथा आहे. मिरवणूक संपल्यावर जावयाला नवे कपडे आणि आहेर मिळतो. गाढवाला काय मिळते, ते कोणी सांगत नाही.

चित्रकलेचे शिक्षण मी घेतलेले नाही. पण घोडा काढायला बसले की शिक्षक आपोआप भेटत जातात. काही जिवंत, काही पुस्तकांतले. घोड्याचे पाय ही पहिली परीक्षा. आपण ज्याला घोड्याचा पुढचा गुडघा म्हणतो, तो वास्तविक त्याचे मनगट असते. मागच्या पायाचा जो सांधा उलटा वळल्यासारखा दिसतो ती त्याची टाच. आणि खूर म्हणजे एका बोटाचे नख. एवढे मोठे जनावर चार बोटांच्या चार नखांवर उभे असते, हे एकदा ध्यानात आले की पाय काढताना पेन्सिल आदराने चालू लागते. डोके हे मोजमापाचे एकक धरावे. घोड्याच्या खांद्यापासून जमिनीपर्यंतची उंची सुमारे अडीच डोकी भरते. खेचराचे कान लांब, आयाळ आखूड, खूर अरुंद आणि उभट. गाढवाच्या पाठीवर बहुधा एक गडद रेघ असते आणि तिला खांद्यांवर आडवी छेद देणारी दुसरी. नवशिक्याने विसाव्यात असलेल्या जनावरापासून आरंभ करावा. घोडा उभ्याउभ्या डुलकी घेतो, आणि घेताना मागचा एक पाय सैल सोडून खुराच्या टोकावर टेकवतो. त्या बाजूचा पुठ्ठा खाली झुकतो. हा झोक कागदावर उतरला, की बाकी रेषा थोड्या इकडेतिकडे झाल्या तरी घोडा जिवंत दिसतो.

रंगांच्या बाबतीत मराठवाड्याचे ऊन हा मोठा गुरू आहे. दुपारी बाराच्या सुमारास जनावराच्या पाठीवर पांढरे ऊन असते आणि पोटाखाली सावली असायला हवी. पण नीट पाहिले तर पोट तांबूस दिसते. जमिनीवरून परतलेला उजेड तिथे चढलेला असतो. काळ्या रानात हा उजेड मंद, भट्टीच्या लाल मातीवर भगभगीत. साध्या जलरंगांच्या पेटीतला विटकरी रंग पाण्यात पातळ करून पोटाखाली फिरवला, की खेचर कागदावरून उचलून उभे राहते. बारा महिने हेच पाहत बसलो तरी मला कंटाळा आलेला नाही.

पुस्तकांतले गुरू आणखी कडक. जॉर्ज स्टब्ज नावाचा इंग्रज चित्रकार अठराव्या शतकात एका खेड्यातल्या घरात दीड वर्ष मेलेले घोडे टांगून, कातड्यापासून हाडापर्यंत एकेक थर उलगडून त्यांची चित्रे काढीत बसला होता. १७६६ साली त्याने घोड्याच्या शरीररचनेचे पुस्तक प्रसिद्ध केले. ते आजही चित्रकार उघडतात. तेवढा जाणकार मनुष्यही धावता घोडा काढताना त्या काळच्या रिवाजाप्रमाणेच वागे. पुढचे दोन पाय पुढे ताणलेले, मागचे दोन मागे आणि पोट हवेत. फ्रेंच चित्रकार जेरिको याने १८२१ साली काढलेल्या एप्समच्या शर्यतीतले घोडे असेच पतंगासारखे उडतात. घोडा खरोखर कसा धावतो ते माणसाच्या डोळ्याला दिसतच नव्हते. शेवटी १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज याने धावपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे ओळीने मांडले, आडवे दोरे बांधले आणि घोडीच्या पायांनीच तिची छायाचित्रे काढून घेतली. तेव्हा कळले की भरधाव घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात हे खरे, पण ते ताणलेले नसतात. पोटाखाली गोळा झालेले असतात. हजारो वर्षे माणूस घोड्यावर बसून लढला, आणि त्याचा घोडा कसा धावतो हे कळायला त्याला एकोणिसावे शतक उजाडले!

आपल्याकडेही पाहण्यासारखे थोडे नाही. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात सिंहलाच्या कथेतले घोडे आहेत. पुण्याला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात नानासाहेब करमरकरांनी घडवलेला, १९२८ साली उभारलेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आहे. त्याच्यासमोर मी दोनदा अर्धा-अर्धा दिवस वही घेऊन बसलो आहे. महाराजांकडे सगळेच पाहतात; एकदा त्या घोड्याच्या मानेचे स्नायू पाहावेत. ज्यांना जमेल त्यांनी अलिबागजवळच्या सासवण्याला करमरकरांचे शिल्पालयही जरूर पाहावे. आणि पंढरपूरला जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेनांचे घोडे तर जगाने पाहिले. १९४० च्या सुमारास रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून शांतिनिकेतनात येऊन राहिलेले चिनी चित्रकार शू बेईहोंग शाईच्या चार फटकाऱ्यांत घोडा दौडवीत. या थोर मंडळींची नावे घेताना मी काही त्यांच्या पंगतीत बसू पाहत नाही. पंगतीबाहेर उभे राहून वास घेण्याचा अधिकार मात्र सर्वांना असतो.

जनावरांचा बाजार ही छंदिष्टाची खरी शाळा. फ्रेंच चित्रकर्ती रोझा बॉनर पॅरिसच्या घोडेबाजारात आठवड्यातून दोनदा, अशी दीड वर्ष जात राहिली. बाईमाणसाला तिथे सुखाने उभे राहता येईना, म्हणून पोलिसांचा परवाना काढून ती पुरुषी विजार घालून जाई. त्या तपश्चर्येतून तिचे 'घोडेबाजार' हे आठ फूट उंच आणि सोळा फुटांहून लांब चित्र उभे राहिले. आज ते न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहे. आम्हांला परवाना लागत नाही, एस.टी.चे तिकीट लागते. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते आणि तिथे घोड्यांचा मोठा बाजार असतो. रंगपंचमीच्या सुमारास आमच्या जिल्ह्याच्या शिवेलगत पाथर्डी तालुक्यात कानिफनाथांच्या मढीला गाढवांचा बाजार भरतो, तर पौष पौर्णिमेला जेजुरीला. दोन दातांचे ते 'दुवान', चार दातांचे 'चौवान', मग 'अखंड'. जनावराचे वय असे दातांवरून बोलले जाते. भाव कित्येकदा तोंडाने होत नाही. दोघांच्या हातांवर उपरणे पडते आणि खाली बोटे बोलतात. मी एकदा असे झाकलेले हात काढीत होतो, तर विकणारा म्हणाला, "मास्तर, वरचं काढा, पर खालचं कोणाला सांगू नका."

या बाजारांत आणि भट्ट्यांवर मला चित्रांइतकेच शब्द मिळाले. तांबूस अंग आणि काळी आयाळ असलेला तो कुमाईत. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा अबलख. चारही पाय आणि कपाळ पांढरे असले तर पंचकल्याणी. दाण्याला चंदी, दाण्याच्या पिशवीला तोबरा, पोटाखालच्या पट्ट्याला तंग, शेपटीखालून जाणाऱ्या दोरीला दुमची. यांतले काही शब्द मी बखरी शिकवताना शेकडो वेळा उच्चारले होते. मुलांना अर्थही सांगितले होते, कोशात असतात तसे. पण दुमची कशी असते, ती सैल पडली की उतारावर ओझे कसे मानेवर येते, हे एका निरक्षर बाईने खेचराच्या शेपटीखाली हात घालून दाखवले, तेव्हा तो शब्द माझ्यापुरता पुन्हा जन्मला. मग चित्राच्या कडेला शब्द लिहून ठेवायची सवयच लागली. आता माझ्या वह्या पाहणाऱ्याला त्या चित्रवह्या आहेत की शब्दकोश, हे सांगता येणार नाही.

छंद म्हटला की तो निर्मळ आनंदाचा असावा, अशी अपेक्षा असते. या छंदात एक काटा आहे, तो लपवून उपयोग नाही. ओझ्याच्या जनावरांच्या पाठीवर अनेकदा घट्टे असतात, आणि कधीकधी जखमा. चार वर्षांपूर्वी एका भट्टीवर मी एक करडे खेचर काढीत होतो. खांद्याजवळ तळहाताएवढी जखम होती, तीवर माश्या. जखम गाळून चित्र काढता आले असते. पुष्कळ सुबक झाले असते. पण समोर आहे ते काढायचे, हा तर या कामाचा एकमेव नियम. मी जखम काढली. खेचराचा धनी, पंचविशीतला तरुण, मागे येऊन उभा राहिला. बराच वेळ पाहिल्यावर त्याने विचारले, "हे कुणाला दावणार हायत का सर?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. कोणी तक्रार केली तर जनावर जाईल, जनावर गेले तर भट्टीवरचे काम जाईल, आणि उचल घेतलेले पैसे तर फेडायचेच. तो सांगू लागला: हजार विटांमागे पैसे मिळतात, थांबले तर काही नाही. हळद लावली, डॉक्टरांचे मलम आणले; पण मलमाला आराम लागतो आणि आरामाला पैसा. त्याचे हात पाहिले तर तेही विटांनी सोलवटलेले. कोणाची कीव करायची आणि कोणाला दोष द्यायचा, याचा निवाडा मला त्या उन्हात करता आला नाही, अजूनही करता येत नाही. मी वहीतले ते पान फाडून त्यालाच दिले. त्याने ते घडी घालून खिशात ठेवले. पुढच्या रविवारी गेलो तेव्हा खेचर बाभळीखाली बिनओझ्याचे उभे होते, आणि त्याच्या गोणीखाली घालायच्या गादीला जखमेच्या जागी कापून गोल भोक पाडत तो बसला होता. चित्रामुळे की आणखी कशामुळे, ते मी विचारले नाही. त्याने मला चहा दिला आणि म्हणाला, "आता काढा. आता बरं दिसतंय."

दुसरी हकीकत परळीची. तिथे एक ऐंशीच्या घरातले म्हातारे टांगेवाले आहेत. रेल्वे स्टेशनापासून वैजनाथाच्या देवळापर्यंत त्यांनी उमेदीची सारी वर्षे टांगा हाकला. रिक्षा आल्या, टांगा मोडीत निघाला, घोडा म्हातारा होऊन मेला. त्याचा एकही फोटो नाही. त्या काळी माणसाचा फोटो निघायची मारामार, घोड्याचा कोण काढणार? माझ्या एका विद्यार्थ्याकडून त्यांना माझा छंद कळला आणि त्यांनी निरोप धाडला: "मपला घोडा काढून द्या."

न पाहिलेल्या घोड्याचे चित्र काढायचे! मी जाऊन बसलो. ते सांगत गेले: रंग कुमाईत, कपाळावर चांद, मागचा डावा पाय पांढरा, उंचीला बेताचा. मी कोळशाने काढत गेलो. कागद डोळ्यांशी नेऊन त्यांनी पाहिला आणि म्हणाले, "घोडा झ्याक हाय. पर मपला न्हाई." मग आठवले, डावा कान टोकाला फाटलेला होता. तो फाडला. तरीही मान हलेना. चहा झाला, पान झाले, सुनेने दोनदा डोकावून पाहिले. म्हाताऱ्याने डोळे मिटले आणि हातात लगाम असल्यासारखी मूठ धरली. थोड्या वेळाने म्हणाले, "त्याची मान उजवीकडं वळलेली असायची, सर. टेशनाचं दार त्या अंगाला हुतं. गाडी आली की त्यो आधी माणसं बघायचा."

मी मान उजवीकडे वळवली, आणि कान दाराकडे टवकारले. कागद पुन्हा डोळ्यांशी गेला. ते काही बोलले नाहीत. फक्त अंगठा घोड्याच्या कपाळावरून, नेमका चांदावरून, वरून खाली फिरवला. ओला कोळसा नव्हता तरी तो पसरला आणि चांद थोडा धूसर झाला. मी तो दुरुस्त करायला हात पुढे केला नाही. घोड्याच्या कपाळावरून हात फिरवायचा तो असाच.

स्टब्जने हाडे मोजली आणि मायब्रिजने पाय मोजले, ते योग्यच झाले. पण एका घोड्याला दुसऱ्या घोड्याहून निराळे करणारी गोष्ट त्याच्या धन्याच्या आठवणीत असते. ती आठवण काढून घेण्याची वेळ आता फार उरलेली नाही. पशुगणनेचे आकडे पाहा. २०१२ साली देशात घोडे-तट्टे मिळून सुमारे सव्वासहा लाख होती. २०१९ साली ती सुमारे ३ लाख ४० हजारांवर आली. खेचरे सुमारे १ लाख ९६ हजारांवरून ८४ हजारांवर. गाढवे तर ३ लाख २० हजारांवरून सव्वा लाखाच्या आत. सात वर्षांत निम्म्याने, त्याहूनही अधिक घट! टेम्पो आले, ट्रॅक्टर आले, गल्लीबोळांतून रिक्षा फिरू लागल्या, माती उपसायला यंत्रे आली. त्याबद्दल मी रडगाणे गाणार नाही. ज्या खेचराच्या पाठीवरची जखम मी पाहिली, त्याच्या जागी उद्या टेम्पो आला तर त्या खेचराच्या वतीने मी आनंदच मानीन. पण जनावर गेले की त्याच्या मागोमाग शब्द जातो, शब्दामागोमाग ते काम जाणणारा हात जातो, आणि मग आमच्या म्हणींतले घोडे पेंड खायचे थांबतात. वर्गातल्या एका हुशार मुलीने मला परवा विचारले, "सर, खोगीरभरतीतलं खोगीर म्हणजे काय हो?" मी फळ्यावर काढून दाखवले. व्याख्येपेक्षा चित्राने लवकर कळले.

तेव्हा माणसे सोडून जनावरांच्या मागे का लागलात, या प्रश्नाला माझे उत्तर असे की, माणसे सुटलेलीच नाहीत. गाढव काढायला बसले की कैकाडी भेटतो, कुंभार भेटतो. तट्टू काढायला बसले की धनगराचे अख्खे बिऱ्हाड भोवती जमते. आणि टांग्याचा घोडा काढायला बसले की एका म्हाताऱ्याचे तारुण्य. नुसते "तुमची मुलाखत घेतो" म्हटले असते तर यांतले कोणी माझ्याशी दोन शब्द बोलले नसते. पण आपल्या जनावराकडे कोणी टक लावून पाहतो आहे असे दिसले, की माणूस आपण होऊन शेजारी येऊन बसतो.

या दिवाळीच्या सुटीत वाचकांनी हा प्रयोग घरच्या घरी करून पाहावा, अशी माझी विनंती आहे. खर्च फारसा नाही. एक मऊ पेन्सिल, एक वही आणि उन्हाची टोपी. मुलांना घेऊन गावाबाहेर पडावे. शहरातही वरातीची घोडी असते, चौपाटीवरचे तट्टू असते, माथेरानला गेलात तर तिथे अजून घोड्यावाचून चालत नाही. धन्याची परवानगी घ्यावी, जनावराच्या मागे उभे राहू नये, आणि मोबाईल खिशात ठेवावा. फोटो क्षणात निघतो, म्हणून पाहणेही क्षणात संपते. चित्राला अर्धा तास लागतो, आणि तेवढा वेळ डोळे त्या जनावराचे होऊन राहतात. चित्र कसेही येवो; कोणी गाढवासारखे आले म्हणून हसले, तर ते गाढवाचेच होते असे सांगून मोकळे व्हावे. निघताना मात्र दोन गोष्टी विसरू नयेत. जनावराचे नाव विचारावे, ते असतेच. आणि त्याच्या अंगावरच्या प्रत्येक पट्ट्याला, दोरीला, खुणेला काय म्हणतात, ते धन्याकडून लिहून घ्यावे. ते शब्द तुमच्या वहीत राहिले, तर पुढेमागे कोणा मराठीच्या मास्तराच्या उपयोगी पडतील.